किल्लीची कोकिळा

“सूनबाई, कोकिळेचा आवाज कानावर पडल्याखेरीज पानावर बसायचं नाही. मग कुणी काही सांगो. नवऱ्यानं सांगितलं तरी नाही, भटजींनी सांगितलं तरी नाही. कळलं?”

सासूबाईंना जाऊन बरेच दिवस झाले होते, तरी हा आवाज चंद्रिकाबाईंच्या कानात जसाच्या तसा होता. आवाज गोड होता असं म्हणणं म्हणजे गेलेल्या माणसाविषयी खोटं बोलणं होईल. सासूबाई माजघरात बोलल्या की गोठ्यातली गाय उठून उभी राहत असे. त्या कुणाला हाक मारू लागल्या की ज्याला मारली तो सोडून आजूबाजूचे सगळे ‘ओ’ देत. मन मात्र लोण्याचं. ती हाक ऐकली की चंद्रिकाबाईंचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे जाई आणि पाठीचा कणा ताठ होई. ती सवय सासूबाई गेल्यावरही राहिली होती.

सासूबाईंनी मागल्या अधिक आषाढाच्या साली वाईला कोकिळाव्रत धरलं होतं. निज आषाढाच्या पुनवेपासून श्रावणी पुनवेपर्यंत रोज तिळाची कोकिळा करून पुजायची आणि रानातल्या कोकिळेचा आवाज ऐकूनच जेवायचं. दक्षाचा यज्ञ मोडला म्हणून महादेवांनी गौरीला कोकिळा होऊन रानात राहायला लावलं, तिची ही आठवण. सासूबाईंचं व्रत अर्ध्यावर आलं आणि त्यांना ताप भरला. घरच्यांनी कोकिळेची वाट न बघता त्यांना पेज पाजली. ती पेज त्यांना जन्मभर पचली नाही. हे व्रत अधिक आषाढाच्या सालीच धरायचं, आणि अधिक आषाढ काही दरसाल येत नाही. तो परत यायला एकोणीस वर्षं लागली, आणि तेवढं थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. जाताना म्हणाल्या, “माझं राहिलेलं तू पुरं कर.” चंद्रिकाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून “करीन” म्हटलं.

म्हणताना चैत्र होता, गाव वाई होतं आणि खिडकीतल्या आंब्यावर तीन कोकिळा एकमेकींशी भांडल्यासारख्या गात होत्या. एकतीस साली अधिक आषाढ आला तेव्हा मात्र चंद्रिकाबाई लोणावळ्यात होत्या.

आता लोणावळ्यातला निज आषाढ म्हणजे काय हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून उपयोग नाही आणि ज्यानं पाहिलं आहे तो ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. धुतलेलं धोतर शेगडीवर धरून वाळवावं लागतं, पापड तळला तरी लवतो, आणि धुकं पाहुण्यासारखं चपला न काढता थेट स्वयंपाकघरात येतं. अशा धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही, तिथं कोकिळा गाणार कुणासाठी? व्रताच्या पहिल्या दिवशी चंद्रिकाबाईंनी तिळाची कोकिळा केली, तिला लालभडक गुंजेचे डोळे लावले, पूजा केली आणि मागच्या दारात कान देऊन बसल्या. दुपार झाली, संध्याकाळ झाली. आगगाडीच्या शिट्या ऐकू आल्या, पन्हळीचं पाणी ऐकू आलं, मागच्या उंबरावर कसलंसं एक कर्कश पाखरू ‘किक्-किक्-किक्’ करून केकाटून गेलं. कोकिळा काही बोलली नाही. चंद्रिकाबाई पाणी पिऊन निजल्या. पुढचे दिवस त्यांनी घोटभर दुधावर काढले.

त्यांचे यजमान गंगाधरपंत वीज कंपनीत नकाशे काढत. दिवसा कंपनीचे नकाशे आणि सुट्टीत स्वतःचे. दुसऱ्या प्रकारच्या नकाशांना घरातली सगळी माणसं, म्हणजे चंद्रिकाबाई एकट्या, भिऊन असत. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांनी पन्हळीच्या पाण्यावर आपोआप फिरणारी रवी केली होती. सरींचा अंदाज धरला होता, मुसळधारेचा धरला नव्हता. त्या दिवशीचं ताक भिंतीवर होतं आणि लोणी चांगले चार दिवस आढ्याच्या सांदीत सापडत होतं. “तत्त्व बरोबर होतं,” असं गंगाधरपंत अजून म्हणत. तत्त्व नेहमी बरोबरच असे. भिंत पुसावी लागे ती तत्त्वाला नव्हे.

बायको उपाशी आणि आपण जेवायचं हे काही त्यांना पटेना. ते पानावर बसत, दोन घास घेऊन “भूक नाही गं” म्हणत आणि उठून छत्री घेऊन स्टेशनाकडे फेरी मारायला जात. त्यांच्या या त्यागानं चंद्रिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी येई. स्टेशनावर बजरंगचं चहा-भज्यांचं दुकान होतं ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

शेजारच्या प्रमोदिनीबाई पोस्टमास्तरांच्या मंडळी. त्यांच्याकडे प्रत्येक अडचणीवर एक उपाय आणि प्रत्येक उपायावर एक अडचण तयार असे.

“वहिनी, पुण्याला जाऊन राहा ना महिनाभर. तिथं एम्प्रेस बागेत पैशाला पासरी कोकिळा.”

“आणि ह्यांचं जेवण?”

“हो, तेही खरंच. शिवाय पुण्यात आता कोकिळा गातात की नाही कोण जाणे. माझी जाऊ म्हणत होती, रहदारीनं पाखरं उठली.”

दूध घालणाऱ्या बयाबाई मळवलीहून येत. त्यांनी डोक्यावरचं घोंगडं झटकत निकाल दिला. “बाई, आता कुटली कोकिळा? ती उनाळाभर वरडून वरडून घसा बसवून बसलीया. पर आमच्या मळवलीला बांधावर एक हाय. रोज सकाळी घुमती. मी सोता ऐकलीया.”

“नक्की कोकिळाच?”

“म्या काय कावळा-कोकिळा वळखत न्हाई व्हय?”

तेव्हा चंद्रिकाबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मळवलीला गेल्या. भाताच्या खाचरांमधून, गुडघाभर चिखलातून बयाबाईंनी त्यांना एका करवंदीच्या जाळीपाशी नेलं आणि ओठांवर बोट ठेवलं. जाळीतून आवाज आला: ‘कूप्... कूप्... कूप्...’ एखाद्या रिकाम्या घागरीत कुणी बोलावं तसा. मग तांबड्या पंखांचा, कावळ्याएवढा पक्षी तुरुतुरु चालत बाहेर आला.

“बयाबाई, हा कुंभारकावळा. भारद्वाज.”

“आता काळी न्हाई तर न्हाई. पर घुमती तर लय गोड!” मग चंद्रिकाबाईंचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, “बरं, ह्याचं दर्शन शुभ असतंय, मंग ते काय वाया जातंय व्हय?”

दर्शन शुभ होतं, परंतु पोट रिकामंच राहिलं. चंद्रिकाबाई चिखलानं माखलेलं लुगडं सावरत परतीच्या गाडीत बसल्या तेव्हा त्यांना थोडी घेरी आली. हे घरी कळलं आणि गंगाधरपंतांनी शिसपेन्सिल उचलली.

“अगं, निसर्गाच्या लहरीवर किती दिवस अवलंबून राहायचं? दिवा हवा तेव्हा लागतो, पाणी हवं तिथं चढतं. मग कोकिळाच तेवढी मनात येईल तेव्हा का?” मग त्यांनी तिला शास्त्र समजावून सांगितलं. आवाज म्हणजे हवेची थरथर. आणि मुळात जी गाते ती मादी नसतेच, तो नर. मादी भुरकी, अंगभर ठिपके, आणि तिला गाता म्हणून येत नाही. “म्हणजे तुमचं हे व्रत पायापासूनच चुकलेलं,” ते म्हणाले. चंद्रिकाबाई वाती वळत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “देवीच्या गळ्याची परीक्षा आपण कशाला घ्यावी?” पुढचं शास्त्र त्यांनी कानाआड केलं.

कोकिळा तयार होऊ लागली. एक बासरी, गजराच्या घड्याळातली जर्मन स्प्रिंग, आणि कासारवाडीच्या कुणा लोहाराकडून आणलेला छोटा भाता. किल्ली द्यायची, भाता दाबला जायचा, बासरीत फुंकर जायची आणि एक तरफ बासरीची भोकं मिटून-उघडून ‘कु’चं ‘हू’ करायची. पहिल्या दिवशी त्यातून उकळत्या किटलीसारखा आवाज निघाला. दुसऱ्या खेपेला असा काही निघाला की पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशीनं त्याला मनापासून उत्तर दिलं. गंगाधरपंत खचले नाहीत. म्हशीला आवाज पोचला, म्हणजे थरथर बरोबर आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांना खरा त्रास होता तो मागच्या उंबरावरच्या त्या कर्कश पाखराचा. रोज सकाळी ते यंत्र खिडकीत ठेवून कान लावत तोच ते पाखरू ‘किक्-किक्-किक्-किक्’ करून सगळा प्रयोग नासवी. त्यांनी रॉकेलचा रिकामा डबा आणला आणि पाखरू ओरडलं की डबा बडवून त्याला हाकलू लागले. आत पूजेला बसलेल्या चंद्रिकाबाई त्या केकाटण्यानं रोज दचकत आणि पदर सारखा करत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आणि एका सकाळी, डबा बडवून झाल्यावर, खिडकीतून आवाज आला: ‘कुऽहू!’ असा गोड, असा ओला, की प्रमोदिनीबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या.

“अगंबाई! आली का हो?”

“आली नाही. केली,” गंगाधरपंत म्हणाले. ते वाक्य त्यांनी आधीपासून तयार ठेवलं असावं.

आता खरी पंचाईत सुरू झाली. यंत्राची कोकिळा व्रताला चालते का? केशवभटजींना बोलावणं गेलं. ते आले, चहा प्याले, यंत्राकडे चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, “शास्त्रात दोन मतं आहेत.”

“कोणती?”

“एक, चालतं. दुसरं, चालत नाही.”

“आणि तुमचं?”

“मी दोन्ही मानतो.” मग बराच वेळ डोळे मिटून ते म्हणाले, “असं बघा. वहिनी तिळाची कोकिळा पुजतात, ती तरी कुठं उडते? मूर्तीत देव येतो तो प्राणप्रतिष्ठेनं. ह्या यंत्राची प्राणप्रतिष्ठा केली तर ते यंत्र राहणार नाही. पण भाता कशाचा आहे?”

“शेळीच्या कातड्याचा.”

भटजी दोन पावलं मागं सरले. “कातडं सोवळ्यात? छे छे छे!”

कातड्याऐवजी काय? मेणकापड हवा धरेना, खादी गळू लागली. सोवळ्यात चालेल आणि हवाही धरील असं एकच कापड घरात होतं: गंगाधरपंतांचा लग्नातला, पूजेला नेसायचा रेशमी मुकटा. त्यांनी तो स्वतःच्या हातानं कापला. त्या वेळचा त्यांचा चेहरा चंद्रिकाबाईंना बघवला नाही. पुढं रोजच्या पूजेला त्यांना सोवळं म्हणून ओलं धोतर नेसण्याखेरीज गत्यंतर उरलं नाही, आणि लोणावळ्याच्या त्या हवेत ते मंत्रापेक्षा शिंकाच जास्त म्हणू लागले.

प्राणप्रतिष्ठा झाली. यंत्राला हळदकुंकू लागलं, गुंजेचे डोळे बसले. मग नवीनच प्रश्न. देवतेला मशीनचं तेल कसं घालायचं? तिळाचं घालू लागले, ते चिकट झालं. स्क्रू पिळायला पेचकस लावायचा तर आधी क्षमा मागायची. आणि देव म्हटला की त्याला रोज स्नान आलं! रोज पंचामृत, वर शुद्धोदक, वर फुलं. जर्मन स्प्रिंगला हे सगळं नवीन होतं.

चंद्रिकाबाई जेवू लागल्या खऱ्या, पण घास घशाखाली उतरे तसा मनाखाली उतरेना. सासूबाई म्हणाल्या होत्या, नवऱ्यानं सांगितलं तरी नाही, भटजींनी सांगितलं तरी नाही. आणि आता नेमकं नवऱ्यानं आणि भटजींनीच सांगितलं होतं. बरं, एरवी नवऱ्याचं आणि भटजींचं ऐकायचं हेही सासूबाईंनीच शिकवलं होतं. मग ह्या खेपेला सासूबाईंचं ऐकायचं म्हणजे कोणत्या सासूबाईंचं? त्या पानावर बसत, नवऱ्याच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघत आणि अर्ध्या पोटी उठत. माझ्या हातून सासूबाईंना पुन्हा तीच पेज तर पाजली जात नाही ना, हा विचार रात्रंदिवस मनात घोळे.

आळीत मात्र भक्ती वाढली. सोय झाली की ती वाढतेच. ज्यांनी व्रताचं नाव काढलं नव्हतं त्या चार-पाच जणींनी मधूनच व्रत धरलं. सकाळी खिडकीखाली छत्र्यांची रांग लागे. कुणी म्हणे, “वहिनी, जरा लवकर गाववा ना, आमच्याकडे आज पाहुणे आहेत.” प्रमोदिनीबाईंनी तर एक दिवस निरोप पाठवला की त्यांना यायला व्हायचं नाही, तेव्हा दोनदा वाजवा म्हणजे पोस्टापर्यंत येईल. गंगाधरपंतांनी अभिमानानं दोनदा वाजवली.

तिसऱ्यांदा ती आपण होऊन वाजली. स्प्रिंग गंजली होती, तिळाच्या तेलात तरफ चिकटली होती, आणि ‘हू’ उघडेना. राहिली ती नुसती ‘कूऽऽऽऽ’. लांब, तार, एकसुरी. बरोबर रेल्वेच्या गार्डाची शिट्टी!

घर स्टेशनाच्या मागच्या ओळीत. फलाटावर मेल उभी होती. लोणावळ्याला गाडी थांबली की उतारू खाली उतरतात, चहा घेतात, गुडदाणी घेतात, सर्वांना ठाऊक आहे. शिट्टी झाली तशी सगळे कप टाकून डब्यांकडे पळाले. गाडी काही हलली नाही. लोक लाजून हसले, परत खाली उतरले, चहाला हात घातला, तोच पुन्हा ‘कूऽऽऽऽ!’ पुन्हा पळापळ. एका गृहस्थांची एक चप्पल फलाटावर आणि एक डब्यात, अशी तीनदा अदलाबदल झाली. एक लठ्ठ पारशी बाई दारात अडकल्या त्या धड आत ना बाहेर. गार्ड बिचारा एक हात वर करून ओरडत होता, “मी नाही! मी नाही!” आणि त्याची स्वतःची शिट्टी तोंडात नसून खिशात आहे हे दुसऱ्या हातानं सगळ्यांना खिसा उघडून दाखवत होता. घरात गंगाधरपंत एका हातानं पेचकस आणि दुसऱ्यानं क्षमा मागण्याची फुलं शोधत होते.

गाडी गेल्यावर स्टेशनमास्तर असनारे स्वतः आले. सज्जन माणूस; छत्री दारात नीट झटकून आत बसले. त्यांच्यामागोमाग फुटक्या कपांची टोपली घेऊन बजरंगही आला. आळीतल्या बायका खिडकीशी होत्याच.

“गंगाधरपंत, मला वर रिपोर्ट करायचाय,” असनारे मास्तर म्हणाले. “नियमात तीन सदरं आहेत. शिट्टी पक्ष्यानं घातली असेल तर रेल्वेचं काही म्हणणं नाही, पक्षी रेल्वेच्या कक्षेत येत नाहीत. वाद्य असेल तर समज द्यायची. यंत्र असेल तर ते जप्त, आणि विनापरवाना यंत्र कोणी चालवलं त्याची चौकशी. आपण कंपनीतले माणूस, मला चौकशी नको आहे. तर सांगा. काय होतं ते?”

गंगाधरपंतांनी यंत्राकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एखादं यंत्र चाललं होतं, नको इतकं चाललं होतं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. यंत्र म्हणावं तर तिचं इतक्या दिवसांचं व्रत खिडकीतल्या सगळ्यांदेखत पाण्यात.

“पक्षी,” ते म्हणाले.

स्वतःचा शोध स्वतःच्या तोंडानं नाकारताना त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“पक्षी?” मास्तर म्हणाले. “आठ मिनिटं त्याला धाप लागली नाही?”

“साहेब खोटं बोलनार न्हाईत,” बजरंग मध्येच म्हणाला. “आमचं रोजचं गिऱ्हाईक हाय. रोज भज्याची पलेट, वर दोन कप चहा. माणूस सोन्यासारखा!”

गंगाधरपंत छताकडे बघू लागले, जणू लोणी अजून तिथं आहे. चंद्रिकाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. राग यायला हवा होता. पण आला तो हसू आणि रडू ह्यांच्या मधला एक हुंदका. भजी खाऊन का होईना, माणूस बायकोच्या व्रतासाठी स्वतःचा अभिमान गिळायला निघाला होता.

“मास्तर,” त्या हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज असा की ऐकायला लोकांना पुढं वाकावं लागे. “ते यंत्र आहे. आम्ही पूजा केली, तरी यंत्रच. पुन्हा वाजणार नाही, माझा शब्द आहे.”

खिडकीतून “अगंबाई!” असा एकमुखी उद्गार आला. “म्हणजे आमचं व्रत मोडलं?” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “मधून धरलेलं मोडलं तर मधलंच मोडतं का सगळं?” दुसरी म्हणाली. केशवभटजींना बोलवा, असं तिसरी म्हणाली, आणि दोन्ही मतं ऐकायला सगळ्याजणी तिकडे निघाल्या.

असनारे मास्तरांनी छत्री उचलली. “रिपोर्टात काय लिहू ते आता मलाच कळेना,” ते म्हणाले. “पूजा झालेलं यंत्र जप्त करून ठेवायचं कुठं? लगेजात?” दारातून वळून ते म्हणाले, “आपणच त्याची व्यवस्था लावा, वहिनी. मी ‘धुक्यामुळे’ असं काहीतरी लिहितो.”

त्या दिवशी चंद्रिकाबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. प्राणप्रतिष्ठा झालेली वस्तू अडगळीत टाकता येत नाही. तिचं विसर्जनच करायला हवं. तेव्हा दुपारी पाऊस जरा उघडल्यावर दोघं कोकिळेला परडीत घालून गावाबाहेर इंद्रायणीच्या काठी गेली. गंगाधरपंत वाटभर शिंकत होते. काठावर आल्यावर त्यांनी परडी घट्ट धरून ठेवली.

“निदान स्प्रिंग काढून घेऊ का? जर्मन आहे.”

“प्राण घालताना विचार करायचा होता.”

ते ओणवे झाले. तेवढ्यात काठच्या उंबरातून दोन कावळे एका पाखराच्या मागं लागून बाहेर आले आणि ते पाखरू जिवाच्या आकांतानं ओरडलं: ‘किक्-किक्-किक्-किक्!’ चंद्रिकाबाईंचा हात पदराकडे गेला.

“हेच ते!” गंगाधरपंत उसळून म्हणाले. “ह्यानंच माझे सगळे प्रयोग नासवले. इथंवर आलं!” त्यांनी खडा उचलला.

पाखरू धापा टाकत समोरच्या फांदीवर बसलं, अगदी हाताच्या अंतरावर. भिजून लगदा झालेलं. भुरकं अंग, त्यावर पांढरे ठिपके. आणि डोळे... चंद्रिकाबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं.

“गुंजा,” त्या म्हणाल्या.

“कसल्या गुंजा?”

“डोळे बघा.”

लालभडक. रोज सकाळी तिळाच्या कोकिळेला त्या स्वतःच्या हातानं लावत तसेच, जणू त्यांच्याच पूजेच्या कुयरीतले उचलून कुणी बसवले होते. गंगाधरपंतांच्या हातातला खडा गळून पडला. त्यांचे ओठ हलत होते. “भुरकी... अंगभर ठिपके... आणि गाता म्हणून...” स्वतःचं शास्त्र त्यांनी एवढ्या हळू आवाजात कधी सांगितलं नव्हतं. “म्हणजे मी रोज सकाळी...”

“डबा बडवून हाकलत होतात.”

“कुणाला? कोकिळेला? कोकिळा करण्यासाठी?”

“हो.”

मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. “पण अगं, ती रोज ओरडायची ती माझ्या यंत्राच्या आधी! म्हणजे तू रोज आवाज ऐकूनच...” मग ते पुन्हा विझले. “पण कोकिळेचा म्हणून तर ऐकला नव्हतास. चालतं का ते? केशवभटजींना विचारू?”

“नको. दोन मतं होतील.”

चंद्रिकाबाई ओल्या दगडावर टेकल्या. डोक्यात गोंधळ होताच, पण आता तो निराळ्या जातीचा, उजेडातला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, आवाज कानावर पडल्याखेरीज. ओळखला पाहिजे असं म्हणाल्या नव्हत्या. गोड असला पाहिजे असं तर मुळीच म्हणाल्या नव्हत्या. गोड आवाजाचा आग्रह सासूबाईंनी धरावा कसा? आणि रोज सकाळी आपला हात पदराकडे का जात होता? कानांनी ओळखलं नव्हतं, हातानं ओळखलं होतं की काय? हे असं धरता येतं का? जे झालं ते देवीच्या ओटीत, त्यांनी मनाशी ठरवलं. तिनं निवडून घ्यावं. पुढचे दिवस मात्र जाणून ऐकायचे.

यंत्र पाण्यात गेलं. जाताना त्यातून एक बुडबुडा आणि अस्पष्ट ‘कु’ निघाला. ‘हू’ शेवटपर्यंत राहिलाच. त्या संध्याकाळी चंद्रिकाबाईंनी पान वाढलं आणि पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवल्या. गंगाधरपंतही जेवले, स्टेशनाकडे फेरी न मारता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या उंबरावर कुणी बोललं नाही. डब्याची दहशत होती; कोकिळा आता नदीवरच राहणार. चंद्रिकाबाईंनी पूजा आटोपली, दहीभाताच्या दोन मुदी केळीच्या पानात बांधल्या. कावळ्यांना आधी द्यायला हवं. कोकिळेला वाढवतात तेच, आणि सासूबाईंचंही पान त्यांच्याकडेच. अंथरुणात गंगाधरपंत जागे होते. बटण दाबलं की आपोआप उघडणाऱ्या छत्रीची एक कल्पना त्यांना रात्री सुचली होती, ती त्यांच्या ओठांवर आली होती. त्यांनी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

चंद्रिकाबाईंनी साधीच छत्री घेतली, दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि अजून कुणी हाक मारलेली नसताना डोक्यावरचा पदर सारखा करून धुक्यातून नदीच्या वाटेला लागल्या.